घाट चढून आलेले वादळ

३ जून २०२० च्या संध्याकाळी अरबी समुद्रात जन्मलेले एक चक्रीवादळ पुणे जिल्ह्यावर होते. नाव निसर्ग. भर दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला, मुरुड-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढले, दोनेक तासांत सगळेच्या सगळे जमिनीवर आले, सह्याद्री ओलांडला आणि मावळ, खेड, जुन्नरच्या अंगाने ईशान्येकडे सरकत गेले. देहूरोड त्याच्या वाटेवरच होते. त्या दिवसाचा इतिहास कोकणाने लिहिला, मुंबईनेही आपल्यापुरता लिहिला. घाटावरचा भाग मात्र पंचनाम्यांच्या कागदांत राहून गेला.

देहूरोडच्या माणसाने समुद्राचा धसका घ्यावा, असे इथल्या भूगोलात काही नाही. गाव समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंचीवर. दिवेआगरपासून सरळ रेषेत शंभरएक किलोमीटर, आणि मध्ये सह्याद्रीची उभी भिंत. ही भिंत पावसाचे काय करते ते लोकलने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि पुण्यात पोहोचेपर्यंत तो सातशेच्या आसपास उरतो. देहूरोड या दोहोंच्या मधले, पण कोरड्या बाजूला जास्त झुकलेले. घाट एवढा पाऊस अडवतो तर वाराही अडवील, असा सरळ हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्करी डेपो वाढले, पुढे कँटोन्मेंट झाले, शेजारी पिंपरी-चिंचवडचे आणि त्यानंतर चाकणचे कारखाने आले, आणि सगळ्यांनी मिळून या पठारावर पत्र्याचे एक अफाट छप्पर घातले. गोदामांना पत्रे, वर्कशॉपांना पत्रे, बाजारातल्या गाळ्यांना पत्रे, कामगारांच्या खोल्यांना पत्रे. वळवाच्या वाऱ्यात एखादा उडायचा. तो परत ठोकून बसवायचा, वर चार दगड ठेवायचे.

गंमत अशी, की समुद्राचे वादळ वाचण्याची विद्या शतकभर याच जिल्ह्यात नांदते आहे. १८६४ च्या चक्रीवादळाने कोलकाता उद्ध्वस्त केले, पाठोपाठ दुष्काळ पडले, आणि इंग्रज सरकारने १८७५ मध्ये हवामान खाते उभे केले. त्याचे मुख्य ठाणे आधी कोलकात्याला होते, मग सिमल्याला गेले आणि १९२८ मध्ये पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या मनोऱ्याच्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. बसच्या पाटीवरही तेच नाव. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलले, तरी कामाचा मोठा भाग पुण्यातच राहिला. पुढे १९६२ मध्ये उष्णकटिबंधीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था पुण्यात निघाली. ती आज पाषाणला आहे, आयआयटीएम या नावाने. म्हणजे वादळ कुठे वळणार याचे गणित मांडणारी माणसे समुद्राच्या गावची नव्हतीच. ती पुण्याच्या पेठांत आणि कोथरूडमध्ये भाड्याने राहत होती.

किनाऱ्यावर या विद्येची खूण म्हणजे बावटा. बंदरावर कितव्या नंबरचा बावटा लागला, यावर कोळीवाड्यातली होडी सुटायची की नाही ते ठरते. ‘तीन नंबर लागला’ म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. दहा नंबर म्हणजे महाभयंकर. पण यादी दहावर संपत नाही. शेवटचा बावटा अकरावा, आणि त्याचा अर्थ वादळाच्या जोराशी संबंधित नाही. वेधशाळेशी संपर्क तुटला आहे आणि वादळ येणार असे बंदरावरच्या अधिकाऱ्याला वाटते आहे, एवढेच तो सांगतो. ज्याने ही यादी केली त्याला सरकारी तारायंत्राची चांगली ओळख असावी.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला वादळे नवी होती असेही नाही. पोर्तुगीज काळातल्या नोंदींत १६१८ च्या मे महिन्यात वसई-मुंबईच्या किनाऱ्याला झोडपणारे एक भयंकर वादळ आहे. १८५४ च्या नोव्हेंबरात मुंबई बंदरातली जहाजे फुटली आणि माणसे मेली. १९४८ च्या नोव्हेंबरात, स्वातंत्र्याला सव्वा वर्ष होते न होते तोच, आणखी एक वादळ मुंबईवरून गेले. वीज गेली, तारा तुटल्या, गाड्या थांबल्या. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आले, तेव्हा मासेमारीचा हंगाम चालू होता आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कितीतरी खलाशी घरी परतले नाहीत. कोकणात अजून वर्षे मोजताना ‘फयानच्या साली’ असे म्हणतात.

या यादीत एक खोटे नाणेही फिरते. ६ जून १८८२ ला मुंबईवर चक्रीवादळ आले आणि एक लाख माणसे बुडाली, अशी ती कथा. निसर्गच्या आठवड्यात ती पुन्हा जोरात चालली, कारण तारीखही जूनचीच होती. मोबाइलवर आली, वर्तमानपत्रांतही आली. पण १८८१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. एक लाख माणसे म्हणजे शहरातला दर आठवा माणूस. एवढे मरण एका दिवसात घडले असते तर त्या काळची वर्तमानपत्रे, पालिकेचे अहवाल, गॅझेटियर सगळे त्याने भरून गेले असते. तिथे काहीच नाही. वादळांच्या अभ्यासकांनी ही कथा केव्हाच मोडीत काढली आहे, तरी दर जूनला ती नव्याने जिवंत होते. खऱ्या वादळांची आठवण राहू नये आणि न आलेल्या वादळाची राहावी, ही आपली इतिहासाची तऱ्हा.

अरबी समुद्र बंगालच्या उपसागराइतका वादळी नाही, हेही तितकेच खरे. उपसागरात चार वादळे होतात तेव्हा इकडे एक, असे जुने प्रमाण. अरबस्तानाकडून कोरडी हवा येते, पाणी तुलनेने थंड असते, आणि मान्सून एकदा जोरात आला की खालचा वारा एकीकडे आणि वरचा दुसरीकडे वाहू लागतो. चक्रीवादळाचा खांब अशा हवेत उभाच राहत नाही, मधेच कापला जातो. म्हणून इकडची वादळे पावसाळ्याच्या आगेमागे होतात. त्यातली बरीचशी ओमान-येमेनकडे किंवा गुजरातकडे जातात. कोकणाच्या वाट्याला त्यांची शेपटी येते, आणि घाटावर दोन दिवसांचे ढग.

२०१९ मध्येच हे प्रमाण बिघडल्याची खूण दिसली होती. त्या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन. क्यार आणि महाच्या काळात झालेल्या पावसाने शेतात उभी आणि कापून ठेवलेली पिके कुजली, हे पुणे जिल्ह्यातला शेतकरी विसरलेला नव्हता. पण त्याने त्याला नाव दिले ‘अवकाळी’. समुद्राचा संबंध कुणी जोडला नाही.

निसर्गची गोष्ट ३१ मे रोजी सुरू झाली. आग्नेय आणि पूर्वमध्य अरबी समुद्रावर कमी दाबाचा पट्टा होता. पाणी ३० अंशांच्या वर तापलेले. १ जूनला केरळात मान्सून पोहोचला आणि त्याच पहाटे समुद्रातला पट्टा अवदाब झाला. २ तारखेच्या पहाटे तीव्र अवदाब, दुपारी चक्रीवादळ. ३ तारखेच्या पहाटे तीव्र चक्रीवादळ. एवढ्या वेगाने वाढणारे वादळ किनाऱ्याला तयारीचे दिवस देत नाही. हवामान खात्याने मात्र पहिला इशारा ३१ मे रोजीच दिला होता. नाव बांगलादेशाने सुचवलेले. तेरा देशांनी मिळून केलेली १६९ नावांची नवी यादी त्याच एप्रिलमध्ये जाहीर झाली होती आणि ही तिची सुरुवात होती. जुन्या यादीतले शेवटचे नाव, अम्फान, दोन आठवड्यांपूर्वी बंगालमध्ये खर्ची पडले होते. जून महिन्यात या ताकदीचे वादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्याला १८९१ नंतर लागलेले नाही, असे त्या दिवसांत सगळीकडे सांगितले जात होते.

वेळ याहून वाईट असू शकली नसती. करोनाची टाळेबंदी अडीच महिने चालली होती आणि राज्य सरकारच्या ‘पुनश्च हरिओम’चा पहिला दिवस नेमका ३ जून होता. लोकांना फिरायला, पळायला बाहेर पडण्याची मुभा मिळण्याचा दिवस, आणि त्याच दिवशी घरातच राहा असा नवा हुकूम. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तंबूवजा रुग्णालयातून करोनाचे रुग्ण वरळीला हलवले. पिंपरी-चिंचवड-चाकणचे कारखाने मे अखेरीस अर्धेमुर्धे सुरू झाले होते, परप्रांतातले कामगार गावी निघून गेले होते. देहूत वेगळीच चिंता होती. पायी वारी यंदा निघणार नाही, पादुका मोजक्या माणसांनिशी पंढरपूरला नेल्या जातील, हे २९ मे रोजी ठरले होते. तुकोबांच्या पालखीचे प्रस्थान १२ जूनला. वादळाकडे बघायला कुणाचे मन मोकळे नव्हते.

एका ठिकाणी मात्र सगळे लक्ष वादळावरच होते, आणि ते ठिकाण देहूरोडच्या शेजारचे आहे. देहू-इंदोरीच्या पलीकडे सुदुंबरे गाव. वारकऱ्यांना ते माहीत आहे ते तुकोबांचे अभंग उतरवून घेणाऱ्या संताजी जगनाड्यांच्या समाधीमुळे. सरकारला ते माहीत आहे ते राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, म्हणजे एनडीआरएफच्या पाचव्या बटालियनमुळे. महाराष्ट्र आणि गोव्याची जबाबदारी या बटालियनवर. २०१४ च्या जुलैत माळीण गाव दरडीखाली गाडले गेले तेव्हा चिखलातून माणसे काढायला याच दलाचे जवान गेले होते. निसर्गच्या आधी तुकड्या खाली कोकणात उतरल्या. किनाऱ्यावरच्या गावांतून हजारो माणसे हलवायची होती, आणि तीही एकमेकांपासून अंतर राखून. निवाऱ्याची एकेक शाळा, एकेक मंगल कार्यालय नेहमीच्या निम्म्याच माणसांना पुरणार होते.

मावळातले जवान घाट उतरून किनाऱ्यावर गेले आणि वादळ घाट चढून मावळात आले. मला त्या दिवसाच्या सगळ्या हकिगतीत हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. चूक कुणाची नव्हती. जिथे घाव पहिला बसणार तिथे माणसे पाठवायची असतात, आणि घाव तिथेच बसला.

दुपारी साडेबाराच्या सुमारास वादळाची कड किनाऱ्याला लागली. ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वारा, झोत त्याहून जास्त. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, म्हसळा, पलीकडे मंडणगड आणि दापोली. सुपारी-नारळाच्या वाड्यांत तासा-दोन तासांत पिढीची कमाई आडवी झाली. विजेचे खांब पडले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. कितीतरी गावे जगापासून तुटली, त्यांच्याकडे काय झाले ते रात्रीपर्यंत कळेना. बंदराच्या भाषेत तो अकरा नंबर होता.

दूरचित्रवाणीवरचे कॅमेरे सगळे मुंबईत होते. वादळ मुंबईला धडकणार असा अंदाज दोन दिवस चालला होता, आणि ते जरासे दक्षिणेला उतरल्यावर ‘मुंबई वाचली’ अशी बातमी झाली. विमानतळावर बंगळूरहून आलेले एक मालवाहू विमान धावपट्टी सोडून पुढे गेले, त्यामुळे संध्याकाळपर्यंत उड्डाणे थांबली. मुंबईपुरता वादळाचा शेवट तिथे झाला. घड्याळात तेव्हा चारही वाजले नव्हते आणि वादळ नुकते घाटाला भिडत होते.

जमिनीवर आलेले चक्रीवादळ मरू लागते. त्याचे इंधन म्हणजे तापलेल्या समुद्राची वाफ. ती तुटली, खाली झाडे-डोंगर घासू लागले, की जोर ओसरतो. पण तो एका क्षणात ओसरत नाही. निसर्ग वेगाने सरकत होते. किनारा ते देहूरोड हे अंतर कापायला त्याला संध्याकाळ पुरेशी होती, आणि पुणे जिल्ह्यावर आले तेव्हाही ते चक्रीवादळच होते, फक्त ‘तीव्र’ हे विशेषण गळले होते. घाटाने वर ढकललेल्या हवेतून पाऊस कोसळला.

वळवाचा पाऊस आणि हे यांतला फरक जाणत्या माणसाला दिशेवरून कळतो. वळीव दुपारी तापून येतो, विजा करतो, तासाभरात मोकळा होतो आणि त्याचा वारा एकदा ज्या बाजूने आला त्याच बाजूने झोडपतो. चक्रीवादळाचा वारा फिरतो. नैऋत्येकडून येणारे वादळ एखाद्या गावाला पश्चिमेकडून वळसा घालून जाते तेव्हा गावात वारा आधी आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून आणि शेवटी पश्चिमेकडून येतो. एका बाजूचा मारा झेललेला पत्रा दुसऱ्या बाजूने उचकटला जातो. झाड आधी एका अंगाला हेलकावते, पावसाने मुळाशी माती सैल झालेली असते, आणि उलट्या झोताला ते आडवे होते. पिंपरी-चिंचवडमध्ये त्या दिवशी झाडे पडली, तारा तुटल्या, वीज गेली. घरून काम करायची नवी सवय लागलेल्या सोसायट्यांनी ती रात्र अंधारात काढली.

खरा मार बसला तो शहराबाहेर. मावळात फुलांची हरितगृहे आहेत, म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडी पॉलिहाऊस. तळेगाव दाभाड्याचा गुलाब व्हॅलेंटाइनसाठी परदेशी जातो. मार्चपासून लग्ने बंद, देवळे बंद, बाजार बंद. उमललेली फुले तोडून बांधावर टाकावी लागत होती. त्यावर हे वादळ. प्लास्टिक फाटले, सांगाडे वाकले. ते बहुतेक बँकेच्या कर्जावर उभे होते. पलीकडे खेड, आंबेगाव, जुन्नरात कांद्याच्या बराखी. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये त्यांत भरायचा आणि भाव येईपर्यंत थांबायचे, हा तिथला शिरस्ता. छप्पर उडाले आणि पाऊस कांद्यावर पडला. झाडांवरचे शेवटचे आंबे गळाले. झेडपीच्या शाळांचे पत्रे उडाले. शाळा टाळेबंदीमुळे रिकाम्या होत्या, तेवढे एक बरे. मावळातल्या भातकऱ्याने धूळवाफेवर पेरलेले बी मात्र या पावसाने वेळेत भिजले. वादळाने दिलेले तेवढेच.

पुणे जिल्ह्यात दोन माणसे गेली. खेड तालुक्यात घराची भिंत पडून एक वृद्धा, आणि हवेली तालुक्यात उडालेल्या पत्र्यापायी एक जण. समुद्र ज्यांच्या घरापासून शंभर किलोमीटरवर होता, त्यांचा हिशेब समुद्राच्या वादळात लागला.

इशारा नव्हता असे म्हणता येणार नाही. पुणे जिल्ह्यालाही जोराच्या वाऱ्याचा आणि मुसळधार पावसाचा इशारा होता, प्रशासनाने घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलेही होते. पण तो इशारा ऐकणारा कान या पठारावर तयारच झालेला नाही. दिवेआगरच्या बागायतदाराला ताशी शंभर किलोमीटर म्हणजे काय ते फयानपासून ठाऊक आहे. तो होडी वर ओढतो, कौलांवर दोर टाकतो. चाकणच्या शेडमालकाला तोच आकडा गाडीचा वेग वाटतो.

रात्रीत वादळ नगरकडे सरकत ढिले पडले, दुसऱ्या दिवशी विदर्भ-मध्य प्रदेशाकडे विरून गेले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ५ जूनला रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर केली. शरद पवार कोकणात फिरले. बागायतीची भरपाई हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेण्यात आली. ऐकायला आकडा बरा, पण श्रीवर्धनची वाडी हेक्टरात मोजत नाहीत, गुंठ्यांत मोजतात. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये, १० गुंठ्यांच्या वाडीला ५ हजार. सुपारी लावल्यापासून धरायला सहा-आठ वर्षे लागतात. ‘झाडावर मोजा, जमिनीवर नको’ ही मागणी तेव्हापासूनची. घाटावर पंचनाम्याची तक्रार वेगळी होती. इथे प्रश्न होता हे नुकसान कोणत्या खात्यावर पडले त्याचा. फाटलेले पॉलिहाऊस पीक धरायचे की बांधकाम, यावर तलाठ्यापासून बँकेपर्यंत प्रत्येकाने आपापला अर्थ लावला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. निसर्गपेक्षा कितीतरी ताकदवान, पण किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले. १७ मे २०२१ रोजी मुंबईच्या पश्चिमेला तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाच्या कोची आणि कोलकाता या जहाजांनी खवळलेल्या पाण्यातून बरीच माणसे उचलली, तरी सत्तरहून अधिक जीव गेले. तिथेही इशारे काही दिवस आधीपासून होते. देहूरोडला त्या दिवशी वारा सुटला, ढग आले आणि पाऊस झाला. त्याच वर्षी पाषाणच्या आयआयटीएममधल्या मेधा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८२ ते २०१९ या काळातल्या नोंदी तपासून त्यांनी दाखवले, की अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या अलीकडच्या दोन दशकांत ५२ टक्क्यांनी वाढली आणि ती टिकण्याचा काळ ८० टक्क्यांनी. समुद्र तापतो आहे, हे त्यामागचे मुख्य कारण.

टिकण्याचा काळ वाढला, हा आकडा किनाऱ्यापेक्षा घाटावरच्या माणसाने जास्त लक्ष देऊन वाचायला हवा. किनाऱ्याला वादळ पूर्ण जोरातच भेटते. घाटावर किती पोहोचते ते त्याच्या आयुष्यावरही ठरते.

या पठारावर वारा काय करू शकतो, ते पुढे वादळावाचूनही दिसले. १७ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी देहूरोडला लागून असलेल्या किवळ्यात, कात्रज-देहूरोड बायपासच्या सेवारस्त्यावर, लोखंडी जाहिरातफलक कोसळला. वाऱ्यापावसापासून आडोसा म्हणून त्याच्या खाली थांबलेल्यांपैकी पाच माणसे मेली. तो साधा अवकाळी वारा होता, चक्रीवादळ नव्हते. फलक बेकायदा असल्याचे पिंपरी-चिंचवड महापालिकेने नंतर सांगितले आणि शहरातले असे फलक मोजायला घेतले.